मांडावरचं व्हय

सुनयनाच्या कॉलेजात संवादकौशल्य नावाचा विषय होता आणि तो शिकवणारे नागेश सर वर्गात एकटेच बोलत. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं अशी भाषेची चार कौशल्यं. पैकी ऐकण्याला परीक्षेत गुण नसल्यामुळं सरांनी तो धडा सोडून दिला होता. बाकीचं मात्र नेटानं चाले. ताठ उभं राहा, समोरच्याच्या डोळ्यांत बघा, वाक्यं आखूड ठेवा, एकदा सांगितलेलं पुन्हा सांगू नका.

सुनयना हे सारं आपल्या वाडीच्या, घोटमाळाच्या, वाटेवर पाठ करी. वाट लांबलचक, त्यामुळं अभ्यास उत्तम होई; पण तो होईस्तोवर पहिला तास संपलेला असे. बसगाडी कुंभारवाड्यावरनंच मागं फिरायची. तिथवर रानातनं पायी जायचं आणि वाटेत गवा उभा असला तर तो बाजूला होईपर्यंत थांबायचं, कारण गव्यावर आखूड वाक्यांचा परिणाम होत नाही. शेवटी हजेरी कमी पडली आणि अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही, असं कॉलेजनं कळवलं.

तिचा बाप लखू वाईट नव्हता, हिशेबी होता. तो म्हणाला, "परीक्षेला बसाय मिळणार न्हाई तर नुस्तं चालून काय करतीस? चालायचं तर आमच्यासंगं लाकडाला चल. गाडी आली तर कॉलेज. न्हाई आली तर शिगम्यानंतर आत्तेसंगं गोव्याला, काजूच्या कारखान्यात."

योग असा की घोटमाळापर्यंत नुकतंच डांबर पडलं होतं आणि त्यावरनं गाडी फिरेल का हे बघायला डेपोचे साहेब येणार होते. साहेबांसमोर कोण बोलणार? सगळ्यांनी सुनयनाकडं बोट केलं. इतकी वर्षं ती शिकतेय त्याचा वाडीला आजवर काहीच उपयोग झाला नव्हता. नागेश सरही खूश झाले. "मोबाईलवर चित्रण कर. प्रात्यक्षिकाचे गुण त्यावरच देतो."

वाडीत बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून बैठक मांडावर ठेवली. मांड म्हणजे देवासमोरची शेणानं सारवलेली मोकळी जागा. शिगम्यात वाडी तिथंच जमते. वाडीचा मानकरी, गावकर भिकाजीआज्जा, देवाकडं तोंड करून गाऱ्हाणं घालतो आणि तो श्वास घ्यायला थांबला की सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. मांडावर एकदा व्हय म्हटलं की ते परत घ्यायचं नाही, असा कायदा. त्यापायी वाडीत काही माणसं पस्तावलेली आहेत, पण फिरलेलं कुणी नाही.

साहेब आले. वाडी मराठी बोलणारी असली तरी कर्नाटकात, त्यामुळं कन्नडशिवाय बोलेनात. सुनयनाच्या आईनं, फुलानं, उकडलेले कोन, म्हणजे वाडीतले कंद, पुढं ठेवले. ते मात्र साहेबांनी भाषेचा विचार न करता खाल्ले. खाताना शेजारच्या ड्रायव्हरला हळूच म्हणाले, "जरा सरकून बस की रं, अवघडलोय." ऐकण्याला गुण नव्हते, तरी सुनयनाला ते ऐकू आलं. तिची मामी खानापूरकडची. ती असंच बोलायची.

मग सुनयना उठली. मैत्रीण पूर्णिमानं मोबाईल धरला. सुनयना ताठ उभी राहिली, डोळ्यांत बघितलं आणि आखूड, घासूनपुसून लख्ख केलेल्या कन्नडमध्ये वाट, रान, गवा आणि हजेरी असं सगळं मांडलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"केवढं स्वच्छ कन्नड!" ते म्हणाले. "गाडी नसताना मुलगी इतकं शिकली. गाडी असती तर झोपा काढल्या असत्या."

तिचं बोलणं असं तिच्याच खात्यावर खर्ची पडलं. साहेब आता स्वतः उभे राहिले, देवाला हात जोडले आणि मोठ्या माणसासारखे थांबत थांबत बोलू लागले.

"या देवाच्या कृपेनं तुमचे पाय मजबूत आहेत."

ते थांबले. मांडावर, देवासमोर, उभा माणूस थांबला.

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

साहेबांना एवढ्या पाठिंब्याची सवय नसावी. त्यांचा चेहरा खुलला. "चालणारा माणूस निरोगी राहतो."

"व्हय म्हाराजा!"

"तेव्हा गाडीची तशी घाई नाही."

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात खणखणीत आवाज लखूचा होता.

आपण कशाला व्हय म्हटलं, ते तेव्हा कुठं वाडीच्या ध्यानात आलं. भिकाजीआज्जाच्या तोंडातलं पान तिथंच थांबलं.

"तोंडं शिवून घ्या आता," फुला म्हणाली. "पोरीचं कॉलेज घालवलंसा."

"सवय गे," लखू पुटपुटला. "मला काय ठाव, हे गाऱ्हाणं न्हवं म्हनून."

"मांडावरचं व्हय परत येत न्हाई, बाय," आज्जा सुनयनाला म्हणाला.

साहेब समाधानानं जीपकडं निघाले. सुनयनाला काजूच्या कारखान्याचा धूर दिसू लागला. तिनं साहेबांकडं चक्क पाठ केली, देवासमोर उभी राहिली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! रानाच्या राखणदारा, बारा वाटांच्या धन्या! आज खानापूरच्या बाजूचं एक लेकरू तुझ्या मांडावर आलंय, तुझं कोन खाऊन तृप्त झालंय..."

बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची रीत नाही. भिकाजीआज्जा तेच सांगायला उठला, पण तेवढ्यात ती श्वासाला थांबली आणि त्याच्याच तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा!"

"त्याच्या आईबापाला, पोराबाळांना, जीपगाडीच्या चारी चाकांना सुखात ठेव, वाकड्या वाटेची सरळ वाट कर!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि उद्या सकाळपासनं त्याची गाडी, पयल्या तासाला पोचंल अशी, तुझ्या मांडाम्होरं येऊन उभी ऱ्हाऊ दे, रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या खेपेला एक आवाज नवा होता. सगळे वळले. जीपपाशी, मांडाच्या कडेवरच, साहेब उभे होते. चपला काढलेल्या, डोळे मिटलेले, हात जोडलेले. डोळे उघडले तेव्हा अख्खी वाडी त्यांच्याकडं बघत होती.

"सायेब," भिकाजीआज्जा नम्रपणे म्हणाला, "मांडावर म्हटलंसा."

साहेबांनी ड्रायव्हरकडं बघितलं. ड्रायव्हर देवाकडं बघू लागला.

"म्हटलं खरं," साहेब मराठीत म्हणाले.

गाडी आली. सकाळची. परतीच्या गाडीचं गाऱ्हाण्यात घालायचं राहून गेलं, म्हणून संध्याकाळी ती आजही येत नाही. लखू बॅटरी घेऊन कुंभारवाड्यापर्यंत सामोरा जातो. स्वतःच्या व्हयची तेवढी भरपाई त्यानं मान्य केली आहे.

नागेश सरांनी चित्रण पुन्हा पुन्हा बघितलं आणि सुनयनाला पहिल्या तासालाच पुढं बोलावलं.

"पहिला भाग उत्कृष्ट. दुसऱ्या भागात सगळं घालवलंस. पाहुण्यांकडं पाठ, वाक्यं लांबलचक, श्रोत्यांना विचार करायला सवडच नाही. अशानं संवाद साधत नाही. गुण कापावे लागले. पटतंय का?"

सुनयना ताठ उभी राहिली. शिकवल्याप्रमाणं सरांच्या डोळ्यांत बघितलं.

"व्हय, सर," ती म्हणाली. कॉलेज म्हणजे काही मांड नव्हे.