जाऊबाई झोपत नाहीत

घोडीच्या दोन्ही गुडघ्यांची सालटी निघाली होती आणि हे काम कोणाचं आहे, ते माझं ठरून गेलं होतं. गॅरेजवाल्याचं. त्याच्याखेरीज दुसरं कोण असणार? आमच्या मागच्या अंगणात आणि त्याच्या गॅरेजात एक कमरेएवढी भिंत. शेणाचा वास येतो, माश्या होतात म्हणून कुरकुरणारा तोच. वर तो गावाहून परतला नेमका त्याच दिवशी घोडीचे गुडघे फुटलेले दिसले. आणखी काय पुरावा हवा होता?

मी गेले आणि त्याच्या गिऱ्हाइकांसमोर त्याची बिनपाण्याने केली. "अरे मेल्या, मुक्या जनावराला दगड मारतोस? हात झडतील तुझे!" तो हातात पाना घेऊन नुसता उभा होता. त्या गप्प उभं राहण्याचाही मला राग आला. मी चौकीत तक्रार दिली. शिपाई आला, इकडेतिकडे बघितलं आणि कटकट मिटावी म्हणून गॅरेजवाल्याला भिंतीकडचा मागचा दरवाजा बंद करायला लावला. मी जिंकले होते.

घोडीला मी जाऊबाई म्हणायचे. आल्या आल्या तिने माझ्या घराचा अर्धा भाग बळकावला, वर तोंड वाकडं. दुसरं काय म्हणणार? वीटभट्टीवरून सोडवून आणलेली, म्हातारी, पाठीवर जोताचे घट्टे. सोडवलेली जनावरं सांभाळणाऱ्या संस्थेत तिला नंबर होता, नाव नव्हतं. आमच्या ह्यांचा टेम्पो विकला आणि मागची शेड रिकामी झाली. हे गेल्यावर घरातली प्रत्येक जागा रिकामीच झाली होती, पण ती शेड मला जास्त खायला उठायची. तीत काहीतरी श्वास घेणारं असावं असं वाटलं, म्हणून संस्थेत गेले.

संस्थेच्या बाई म्हणाल्या होत्या, "घोडं एकटं ठेवत नाहीत हो. सोबत निदान एखादी शेळी तरी हवी."

"एकटी कशी? मी आहे की," मी म्हणाले. "मीही एकटीच राहते. काय झालंय मला?"

माझ्या तोंडाला कोण लागणार? शिवाय त्या म्हातारीला दुसरं कोणी नेतही नव्हतं. दिली त्यांनी.

दरवाजा बंद झाल्यावर जखमा भरायला हव्या होत्या. झालं उलटंच. पुढचे पाय खालीही सोलवटले, ओठ फुटला. चारा समोर असून जाऊबाई चघळेनाशी झाली. डोळे अर्धे मिटलेले, मान लोंबलेली. हात लावला की दचकायची. फासळ्या तर अंगणाच्या टोकावरून मोजून घ्याव्यात. मी ताडपत्र्या शिवते, ट्रकवर घालतात त्या. पुढच्या खोलीत माझं जाड सुईचं मशीन आहे. शिवता शिवता दर थोड्या वेळाने उठून मागे जायचे. उसवलेली ताडपत्री मी डोळे मिटून शिवते, पण हे जनावर माझ्या डोळ्यांदेखत उसवत चाललं होतं आणि टाका कुठे घालावा ते कळत नव्हतं.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी गुडघे बघितले, ओठ बघितला, जमीन बघितली. मग मलाच विचारलं, "ही आडवी कधी पडते?"

"पडत नाही. उभीच असते. घोडे उभ्यानेच झोपतात ना?"

"उभ्याने डुलकी घेतात. खरी झोप आडवं पडूनच लागते. आणि आडवं पडायचं तर शेजारी कोणीतरी जागं असावं लागतं. एक निजतं, दुसरं राखण करतं. ही एकटी आहे. ही झोपलेलीच नाही, काकू. झोप अनावर झाली की उभ्या जागी गुडघ्यांवर कोसळते. दगड कोणीच मारत नाहीये."

त्या जखमेवर मलम चोळत होत्या आणि मला मात्र तो पाना हातात घेऊन गप्प उभा असलेला माणूस दिसत होता.

"सोबत मिळाली नाही तर?"

"तर अशीच पडत राहील. एक दिवस पाय मोडेल. मोडलेल्या पायाच्या म्हाताऱ्या घोडीला मी एकच इंजेक्शन देऊ शकते."

मी लगेच संस्थेला फोन केला. दुसरं घोडं द्या, शेळी द्या, गाढव द्या, काहीही द्या. बाईंचा आवाज गार पडला. "आधीचं जनावर तुमच्याकडे जखमी झालंय. दुसरं कसं देऊ? आम्ही उद्या दुपारी गाडी पाठवतो. घेऊन जातो तिला."

"तिथे तिला जागा आहे?"

"परत आलेल्या म्हाताऱ्या जनावरांसाठी आमच्याकडे जागा नसते, काकू. डॉक्टर ठरवतील."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

मग मीच राखण करायची ठरवली. मशीनपुढचं स्टूल उचलून शेडमध्ये नेलं आणि तिच्यासमोर बसले. "हं, जाऊबाई. झोपा. मी आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. मी उभी राहिले. गाणं म्हटलं. माझं गाणं ऐकून कोणी झोपल्याचा इतिहास नाही, तरी म्हटलं. तिची मान खाली खाली जायची आणि एकदम वर यायची. आणि मग काय झालं ते सांगायची लाज वाटते. माझेच डोळे मिटले. धप्पकन आवाज झाला तेव्हा जागी झाले, तर जाऊबाई माझ्या पुढ्यात दोन्ही गुडघ्यांवर आणि मलमावरून ताजं रक्त. राखणदारच पेंगला. तिने तरी कोणाच्या भरवशावर पडायचं होतं?

माझी झोप हे गेल्यापासून उडाली होती. पलंगावर पडलं की डोळे टक्क उघडे. हे घोरायचे. घोरायचे म्हणजे काय, शेजारच्यांनी भिंत ठोकावी असे. सगळा संसार मी त्या घोरण्याला नावं ठेवण्यात घालवला, कापूस कानात घालून बघितला, कुशीवर ढकलून बघितलं. आता घर इतकं गप्प झालं होतं की त्या गप्पपणाने जाग यायची. मशीनवर काम करता करताच कधी डोकं टेकलं जायचं आणि चाकाची कड कपाळावर उमटायची. वहिनी म्हणायच्या, "झोपेची गोळी घ्या, वन्सं." घेतली नाही. गोळी काय घोरते?

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींकडे गेले, घटकाभर येऊन उभ्या राहा म्हणाले. त्या म्हणाल्या, "घोड्यापुढे? मी? वन्सं, तुम्हाला झालंय तरी काय?" बाकी गल्लीत ज्याच्याशी मी भांडले नाही असं घर शोधूनही सापडलं नसतं. कोणी दार लोटून घेतलं, कोणी कामाचं निमित्त काढलं. दुपारी गाडी येणार होती. एकच माणूस उरला होता. दिवसभर उभ्याने काम करणारा, भिंतीपलीकडचा. पाय गॅरेजकडे वळेनात, तरी ओढत नेले.

तो एका स्कूटरवर वाकला होता.

"अहो," मी म्हणाले.

त्याने मान वर केली नाही. "त्या दिवशी अरे मेल्या होतो. आज अहो?"

"चुकलं माझं."

"चौकीत जाऊन सांगा ते."

"सांगेन. गल्लीत दवंडी पिटेन. तुम्ही म्हणाल तिथे नाक घासेन. पण आधी ऐका." मी सगळं सांगितलं. कोसळणं, इंजेक्शन, गाडी. ओरडल्यासारखी बोलत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते. "घटकाभर या. तिथे नुसते उभे राहा. माझ्यावर उपकार म्हणून नका येऊ, तिच्यासाठी या. ती मरेल हो."

त्याने पाना खाली ठेवला. "कोण म्हणतं ती आडवी पडत नाही?"

"म्हणजे?"

"रोज पडायची. दुपारी, माझा दरवाजा उघडा असायचा तेव्हा. भिंतीला लागून. चारी पाय ताणून पडायची. मी इथे ठोकाठोक करत असायचो आणि ही खुशाल लोळायची. मला वाटायचं, म्हातारीला माझा आवाज आवडतो." तो हात पुसायला लागला. "तुम्ही पुढे मशीनवर असायचा. तुम्हाला कुठून दिसणार?"

"पण गुडघे..."

"आठवडाभर गॅरेज बंद होतं माझं. बहिणीकडे गेलो होतो. आलो तर हिचे गुडघे फुटलेले. तुम्हाला विचारायला येणारच होतो, काय झालं म्हणून. तोवर तुम्हीच आलात."

तेव्हा तो गप्प का उभा होता, ते मला आता कळलं. आणि दरवाजा बंद करायला मी लावला होता. त्या जनावराची होती नव्हती ती झोप मी चौकीत जाऊन बंद करून आले होते. मी तिथेच स्कूटरच्या सीटवर बसले.

दरवाजापुढे त्याने जुनं इंजिन लावून ठेवलं होतं, ते एकट्याने कण्हत बाजूला ओढलं. कडी काढली. दरवाजा करकरला आणि पलीकडे जाऊबाईचे कान उभे राहिले. कितीतरी दिवसांनी मी तिचे कान उभे बघितले.

मी घरातून फिरून शेडमध्ये गेले. तो दारात उभा राहून लोखंडाची एक नळी घासायला लागला. जाऊबाई लंगडत भिंतीशी गेली. उभी राहिली. उभीच राहिली. मी मनात म्हणत होते, पड गं बाई, पड. गल्लीच्या तोंडाशी कुठली गाडी वळली की मी फाटकाशी जाऊन बघून यायचे. दोनदा ती गुडघ्यात वाकली, दोनदा सावरली. तिचा माझ्यावरचा भरवसा उडालाच होता, आता ह्याच्यावरचाही उडाला असणार. कोणी सांगावं, आज उघडलेला दरवाजा उद्या पुन्हा बंद व्हायचा.

"हिचं काही खरं नाही," मी म्हणाले. "घेऊन जाऊ दे त्यांना. माझ्या हाताला यशच नाही. ह्यांनासुद्धा मी..."

"काकू, तुमच्या कपाळाला काय लागलंय?" त्याने मधेच विचारलं.

"काही नाही. मशीनवर डोकं आपटतं."

"झोपेत?"

त्याने घोडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा नळी घासायला लागला. "येरझारा बंद करा. तुम्ही घाबरलेल्या दिसता, म्हणून ती घाबरते. बसा तिथे पेंढ्यावर."

मी बसले. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. नळी घासल्याचा आवाज एका लयीत येत होता.

आणि जाऊबाई खाली बसली. आधी पुढचे पाय दुमडले, मग मागचे, मग सगळं अंग एका कुशीवर टाकलं. मान जमिनीला लागली. हालचाल थांबली. मला वाटलं, गेली. संपलं. मी किंकाळी फोडणार तेवढ्यात तो दबक्या आवाजात म्हणाला, "गप्प! ऐका."

घोडी घोरत होती.

बारीक घरघर, मग मोठी, मग नाकपुड्या फडफडवून एक लांब सुस्कारा आणि पुन्हा पहिल्यापासून. अगदी तस्संच. मधला तो श्वास अडकल्यासारखा खंडसुद्धा तस्साच. मी गुडघ्यात डोकं घातलं आणि रडले. ह्यांच्या दिवसांनाही मी अशी रडले नव्हते. तेव्हा सगळे म्हणायचे, बाई खंबीर आहे.

"पडा तुम्हीपण," तो म्हणाला. "मी आहे जागा."

"गाडी येईल."

"येऊ दे. बघतो मी."

मी नुसती टेकणार होते. ती घरघर ऐकायला.

डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर माझीच एक ताडपत्री पांघरलेली. फाटकाबाहेर संस्थेची गाडी उभी होती. धडपडत उठले. जाऊबाई भिंतीशी उभी राहून चारा चघळत होती, एका बाजूला सगळा पेंढा चिकटलेला. फाटकात गॅरेजवाला हात आडवा धरून उभा होता. संस्थेच्या बाई चपला हातात घेऊन, अनवाणी, त्याच्यासमोर.

"केव्हा आलात तुम्ही?" मी विचारलं.

"झाला बराच वेळ," बाई म्हणाल्या. अजूनही कुजबुजतच. "हे आतच सोडेनात. म्हणाले, दरवाजा रोज उघडा ठेवीन, लिहून देतो, पण आत्ता पाऊल टाकायचं नाही. मी इथूनच बघितलं. आडवी पडून झोपली होती." त्यांनी चपला खाली ठेवल्या आणि पायात सरकवल्या. "गाडी रिकामीच नेते आज."

गॅरेजवाल्याकडे वळले, तर तो जाऊबाईकडे बघत कान चोळत होता.

"झोपू दिलंत तिला," मी म्हणाले. "कसे उपकार फेडू?"

"तिला कसलं, काकू?" तो म्हणाला. "ती केव्हाच उठली. मघापासून घोरत तर तुम्हीच होता. ती उभी राहून राखण करत होती."