माती मुंबईत राहिली

मी एक झाड बोलतोय. झाडानं बोलावं की नाही, याबद्दल माझ्याच मनात शंका आहे. शिवाय जे सांगणार आहे ते सगळं माझ्याच बाबतीत घडलं का, याचीही मला खात्री नाही. तरी सांगतो, कारण गप्प राहिलं की भीती जास्त वाटते.

माझं नाव जिरेनियम. ते इथं कुणाला ठाऊक नाही. माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडच्या एका वस्तीवर, राहीबाईच्या दारात पत्र्याच्या डब्यात मी राहतो. पानं गोल, कडेला कातरल्यासारखी. चोळली की उग्र वास सुटतो. फुलं लाल. शेळ्या मला हुंगतात आणि शिंकून निघून जातात. त्यांचे मी उपकार मानतो.

जन्म माझा इटलीतला. डोंगरावरच्या एका गावात, महायुद्धात तोफेनं तडा गेलेल्या भिंतीत एक खिडकी उरली होती, तिथं माझं मूळ झाड होतं. घरातल्या म्हातारीला एका हिंदी शिपायानं विहिरीचं पाणी शेंदून दिलं. तिच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. तिनं एक फांदी मोडली, पलटणीच्या रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात खोचली आणि त्याच्या हातात दिली. ती फांदी मी, आणि तो शिपाई आकाराम, राहीबाईचा एकुलता एक मुलगा.

आकारामचा जोडीदार तात्याबा. तो उंब्रजचा, घरी ऊस असलेला. दोघांची बोलणी मला अजून आठवतात.

"आरं, बंदूक पुसायची सोडून झाडाला काय पानी घालतुयास?" तात्याबा म्हणायचा.

"आईच्या दारात लावनार हाय. आमच्या माणात हिरवं काय दिसलं तर मानसं लांबनं बगाया येत्यात."

"तुमच्याकडं कुसळ उगवलं तरी तुमी त्येची आरती करशीला."

"मग तू उसाचा राजा न्हवं? घाल की तुज्या वाटनीचं पानी."

आणि तात्याबा खरंच घालायचा. ते हसायचे तेव्हाही मी घाबरलेलाच असे. लांब कुठं तोफ उडाली की माझी पानं थरथरत.

लढाई संपायला आली होती, तेव्हा एक नदी ओलांडताना आकारामला गोळी लागली. त्याला काठावरच्या एका गावामागं अग्नी दिला. राख तिथल्या नदीत सोडली. पण एक मूठ तात्याबानं मागं ठेवली आणि माझ्या डब्यातल्या मातीत कालवली. रजेवर निघालेल्या एका शिपायाकडे त्यानं राहीबाईला निरोप दिला, "आकारामची माती झाडाच्या डब्यात हाय. मी येताना घिऊन येतो."

हे सांगताना मला संकोच होतो, पण मला तहान लागत होती. मुळं कुणाला विचारून पीत नाहीत. उन्हाळा गेला, थंडी आली, आणि मी त्या मातीत वाढत राहिलो.

मग बोट. अंधार, खारी हवा, आणि शेवटी मुंबईची गोदी.

तिथं टेबलामागं चष्मा लावलेले एक वयस्कर साहेब बसले होते. परदेशातून येणारी रोपं, बिया, कलमं तपासणं हे त्यांचं काम.

"हे कुठून आणलं?"

"इटलीतनं, साहेब."

"तिथल्या सरकारी माणसानं तपासल्याचा दाखला?"

"लडाईत झाडाला कोन दाखला देतंय?"

मागचे शिपाई हसले. एक ओरडला, "तात्या, त्येला हवालदार करून टाक, मग सलाम ठोकून सोडत्याल!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी भिंग काढलं आणि माझं एकेक पान उलटून पाहिलं. इतक्या जवळून मला कुणी पाहिलं नव्हतं. आपण निर्दोष आहोत याची खात्री असणारे वेगळे असतात. मी तसला नाही. मला वाटलं, माझ्या अंगावर नक्की काहीतरी असणार, मलाच माहीत नसलेलं.

"विषारी धुरी द्यावी लागेल," साहेब म्हणाले. "जगलं तर घेऊन जा. माती मात्र आत येणार नाही."

"साहेब, ती माती न्हाई. मानूस हाय."

तात्याबानं सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"घरी काय पिकतं तुमच्या?"

"ऊस."

"मातीतनं कीड येते. डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक. तिला मारणारं तिकडे काही असतं, इकडे नसतं. ती तुमच्या उसात शिरली तर शेजाऱ्याच्याही शिरेल, मग पुढच्या गावच्या. त्यांना जाब कोण देणार? तुम्ही की मी?"

तात्याबानं डब्यातली माती बोटानं चाचपली. मग म्हणाला, "भाजून तरी परत द्या."

"भट्टी एकच आहे हो. सगळ्या बोटींची माती एकत्रच जळते."

साहेबांचा शिपाई पुढं आला, तसा तात्याबानं डबा छातीशी धरला. "दुसऱ्याचा हात नको," तो म्हणाला, आणि त्यानं स्वतःच डबा घमेल्यात उपडा केला. माझी मुळं तीनदा धुतली. मूळ उघडं पडणं म्हणजे काय, ते सांगायला मला शब्द नाहीत. त्यात मला लाजही वाटली आणि गारठाही.

मग पत्र्याची एक बंद खोली. दार लागलं आणि कडवट वासाची हवा आत येऊ लागली. झाडाला श्वास रोखता येत नाही. माझ्या शेजारी कुणाचीतरी आंब्याची कलमं होती, तीही गप्पच होती. मी मरतोय असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, मेलो नाही याची खात्री मला आजही वाटत नाही.

उंब्रजला पोचेपर्यंत माझी सगळी पानं गळाली होती. एक जुनं, तपकिरी खोड उरलं होतं. तात्याबानं डब्यात उसातली काळी माती भरून मला लावलं. त्यात फसवायचा विचार नव्हता. झाड जगवायचं तर माती हवीच.

खोटं आलं ते नंतर. माणातले मेंढके मेंढरं घेऊन नदीकाठच्या रानांत उतरले, त्यांच्यात राहीबाईच्या वस्तीवरचा हरिबा होता. त्यानं बांधावरूनच हाक दिली, "तात्याबा, राहीबाईनं इचारलंय, माती आली का? चैतात वाईला जाऊन सोडायची म्हनतीया."

'जाळली' हा शब्द तात्याबाच्या तोंडातून निघेना.

"आली," तो म्हणाला.

हरिबा गेल्यावर तात्याबाची बायको अंजना दारात आली. "आवं, डब्यात तर आपल्या उसातली माती हाय."

"गप बस."

"त्या माउलीला आपली ढेकळं किस्नेत सोडाया लावनार? तिच्या पोराला गती कशी मिळायची?"

"मग काय सांगू? तुज्या लेकाला घमेल्यात वतून आलो म्हनून?"

अंजना चुलीकडं वळली. तात्याबा त्या दिवशी जेवला नाही. मला मात्र त्याच सुमारास कोवळी फूट फुटत होती. माणसाच्या घोर काळजीत आपण टवटवीत दिसावं, याची मला शरम वाटली. शिवाय नवी धास्ती होतीच: माती सोडतील तेव्हा मलाही सोडतील का?

चैत्रात राहीबाई उंब्रजला आली. उंच, वाळलेली, हिरव्या लुगड्यातली बाई. रडली नाही. वाईला जाणाऱ्या मोटारीत ती डबा मांडीवर घेऊन बसली. खड्डा आला की हातानं डबा सावरायची आणि हळूच म्हणायची, "आलं हां, जवळ आलं." ती माझ्याशी बोलत नव्हती, हे मला कळत होतं. पलीकडे तात्याबाच्या कपाळावरून घाम वाहत होता.

वाईच्या घाटावर भटजी वाट बघत होते. "अस्थी कुठं आहेत, बाई?"

तिनं डबा पुढं केला.

"झाडासकट सोडायच्या?"

"झाडबी त्येचंच हाय."

ती पायऱ्या उतरली. पाणी तिच्या घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. डबा वाकला. मला खाली कृष्णेचं हिरवट पाणी दिसलं, त्यात माझं स्वतःचं थरथरतं प्रतिबिंब दिसलं. मला ओरडायचं होतं.

ओरडला तो तात्याबा, आणि तिच्यामागं पाण्यात उतरला. "मावशी, थांबा! ती माती आमच्या उसातली हाय."

राहीबाई वळली. "मग माजं पोर कुठं हाय?"

"मुंबईतच ऱ्हायलं. सरकारी भट्टीत जाळली ती माती. मी माज्या हातानं वतली."

"मला आली म्हनून सांगितलंस."

"व्हय."

"मुडद्या, सगळ्या वस्तीला सांगून आले मी, लेकाला पोचवाया चाललेय म्हनून!" तिनं एका हातात डबा धरून दुसऱ्या हातानं त्याच्या खांद्यावर मारलं, परत मारलं, आणि मग पायरीवर बसली. तात्याबा तसाच पाण्यात उभा राहिला.

भटजी हळू आवाजात म्हणाले, "बाई, देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करूनही विधी होतो. अडत नाही."

"गवताचा नको. माजं पोर गवताचं न्हवतं."

राहीबाईनं माझ्या पानांवरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "हे झाड त्या मातीत लय ऱ्हायलं का रं?"

"उन्हाळ्यापासनं पार थंडीपातूर."

"मग पेलं आसंल की. आई खाती ते पोराच्या अंगी लागतं. ह्याच्या बी लागलं आसंल." तिनं मला उचललं. "ह्यातली तिथली फांदी कंची?"

तात्याबा वाकला. बोट लावलं. "हे खोड. बाकी सगळी फूट उंब्रजची."

तिनं आधी कोवळी फूट खुडून पदरात ठेवली. मग ते जुनं खोड मुळासकट उपटलं. त्याला लागलेली काळी माती नदीत धुतली, सालीचा वास घेतला, गालाला लावलं.

"जा बाबा," ती म्हणाली. "लय लांबनं आलास."

खोड पाण्यावर तरंगत गेलं. तो मीच होतो. म्हातारीच्या खिडकीतला, बोटीतला, त्या बंद खोलीतला. आणि पदरात होतो तोही मीच. दोन्ही खरं कसं असेल, हे मला अजून सुटलेलं नाही.

तात्याबा डब्यातली माती नदीत टाकायला निघाला, तशी तिनं डबा ओढून घेतला. "ऱ्हाऊ दे. माती खोटी न्हाई तुजी. त्येची न्हवती, येवढंच." आणि तिनं पदरातली फूट त्याच मातीत खोचली.

त्याला आता तीन उन्हाळे झाले. इथं पाणी लांबून आणावं लागतं. राहीबाई भांडी विसळलेलं पाणी मला घालते. वर्षाकाठी तात्याबा येतो, डब्यात थोडी काळी माती भरतो, भाकरी खातो, शिव्या खातो आणि जातो.

मला धाक एकाच गोष्टीचा होता. ही बाई मला आकाराम म्हणून हाक मारील, आणि मी कोण म्हणून ओ देऊ? माझ्यात तो किती उरलाय? कदाचित थेंबभरही नाही.

परवा शेजारची सुलाबाई विचारत होती, "राहे, आकारामचं झाड ते हेच व्हय?" माझं पान न् पान ताठरलं.

"न्हाई गं," राहीबाई म्हणाली. "आकाराम गेला किस्नामाईसंगं. हे आसंच हाय, लांबनं आलेलं. जगतंय बिचारं भीत भीत."

तिला हे कसं कळलं, कोण जाणे.

तेव्हा मागणं एवढंच. कधी या वस्तीवर आलात आणि माझ्याजवळ आलात, तर आधी जरा खाकरा. पुढं येणारा हात मोडायला येतोय की पाणी घालायला, हे मला अजून ओळखता येत नाही.