व्याह्यांनी दिलेले गुण

दोन शेजारी देश, मध्ये एक नदी. हवामान असं बिघडत चाललेलं. उद्या पूर आला, उन्हाळा भडकला, तर कोणाचं सरकार किती तयार आहे, याची तुलना करायची ठरली. जो तो आपल्याच देशाचं तोंड भरून कौतुक करणार, हे ओळखून कुणा शहाण्यानं नियम केला, की एकानं दुसऱ्याला गुण द्यायचे. नियम चांगलाच होता. फक्त अलीकडच्या देशाच्या अधिकारीणबाई आणि पलीकडचे अधिकारी एकमेकांचे विहीण-व्याही निघतील, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

बाईंची एकुलती एक लेक पलीकडे दिलेली, नदीला लागून असलेल्या घरात, तळमजल्यावर. तिला सातवा महिना लागला होता. मुलीच्या सासरचं काही खुपलं तरी मूग गिळून गप्प बसायचं, हे बाईंनी लग्नाच्या दिवसापासून पाळलेलं, आणि कामातही त्यांनी तेच केलं. व्याह्यांच्या देशाचे कागद तपासताना एक भलंमोठं भगदाड दिसलं. त्याकडे कानाडोळा करून त्यांनी दहापैकी नऊ गुण देऊन टाकले. व्याही तरी मागे कशाला राहतील? त्यांनी साडेनऊ दिले.

सह्या करायला दोघं लेकीच्याच घरी जमले. लेक पाठीला उशी लावून बसली होती. तिनं चहाचे कप बाजूला सारून गुणांचे दोन्ही तक्ते नीट वाचले.

"बाबा, पाणी चढलं की भोंगा कोण वाजवणार?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"पालिकेचा माणूस. समितीचा हुकूम आला की."

"समिती कोण बोलावणार?"

"अध्यक्ष."

"कोण आहेत अध्यक्ष?"

व्याह्यांनी चहाचा घोट उगाचच लांबवला. "जागा रिकामी आहे पोरी. बरीच वर्षं."

बाईंनी ओळखलं. हेच ते भगदाड. कागदावर ती नुसती एक रिकामी जागा होती. आता समोर लेक बसली होती आणि तिच्या मागच्या खिडकीतून नदी दिसत होती. स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता. त्यांनी पेन काढलं, नऊ खोडले आणि तीन लिहिले. मग मात्र मान वर करायचा धीर होईना. लेकीच्या सासऱ्यांना तोंडावर नापास करायचं, तेही त्यांच्याच घरचा चहा पिऊन.

"तीन?" व्याही म्हणाले.

"तीन. राग आला तर येऊ दे. माझी लेक इथे राहते."

"राग कसला, विहीणबाई. अध्यक्ष नेमा म्हणून मी वर लिहून लिहून थकलो. आमचे साहेब म्हणतात, सगळं उत्तम चाललंय. बाहेरच्यानं नापास केलं तरच हलतील. दोन करा की."

बाईंनी हसत तीनाचे दोन केले. "बघा हं, परत वाढवणार नाही."

"नका वाढवू. आता माझाही हात मोकळा झाला." व्याह्यांनी आपला तक्ता पुढे ओढला. "तुमच्याकडे अध्यक्ष आहेत, भोंगा आहे, लोक वेळेवर पळतातही. पण पळून जायचं ते सभागृह बांधलंय कुठे? नदीच्या काठावर."

"तिथली हवा छान आहे म्हणून," बाई पुटपुटल्या.

"तीन घ्या."

"मी दोन दिले, आणि तुम्ही तीन?"

"एक हवेचा."

दोघं पोट धरून हसली. लेक मात्र दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून बघत होती.

"म्हणजे इथे राहिले तर भोंगा वाजणार नाही," ती म्हणाली, "आणि आईकडे गेले तर भोंगा ऐकून नदीवरच पळायचं. मग बाळाला घेऊन मी राहू कुठे?"

हसणं तिथेच थांबलं. तक्त्याखाली शिफारस आणि मुदत असे दोन रकाने होते. बाईंनी लिहिलं, अध्यक्ष ताबडतोब नेमा. व्याह्यांनी लिहिलं, टेकडीवरची शाळा पूरग्रस्तांसाठी मोकळी करा. मुदतीपाशी बाईंचं पेन अडलं. त्यांनी हळूच पलीकडे पाहिलं, तर व्याही टेबलाखाली बोटांवर सात, आठ, नऊ असे महिने मोजत होते.