भैरूचा राउटर

शिरूरच्या दुकानात काउंटरवर पाच राउटर ओळीनं मांडले होते आणि भैरू त्यांच्यासमोर गेली वीस मिनिटं उभा होता. शंभर मेंढरांतून आजारी मेंढरू लांबूनच बोटानं दाखवणारा हा माणूस. तोंड उघडून दात बघितले की वय सांगायचा. पण या डब्यांना ना तोंड होतं ना दात. शिंगं मात्र होती. एकाला दोन, एकाला चार, आणि शेवटच्या काळ्याला तर आठ.

"शिंगं जास्त म्हंजी ताकद जास्त का?" त्यानं विचारलं.

"अँटेना म्हणतात त्याला, मामा," दुकानदार सत्यजीत हसू दाबत म्हणाला. "तसं बघितलं तर हो. तसं बघितलं तर नाही."

एवढ्या उत्तरानं भैरूचं डोकं भणभणायला लागलं. सत्यजीत मात्र सुटला होता. ड्युअल बँड, ट्राय बँड, अमुक एमबीपीएस, तमुक गिगाहर्ट्झ. भैरू प्रत्येक शब्दाला मान हलवत होता, आणि मान हलवण्यापलीकडे त्याच्या हातात काहीच नव्हतं. शेवटी सत्यजीतनं आठ शिंगांचा काळा पुढं सरकवला. "हा न्या. याची रेंज पार निमोण्यापर्यंत जाईल बघा."

"माझं घर न्हावऱ्यात हाय. निमोण्यापतुर खोल्या न्हाईत माझ्या," भैरू म्हणाला आणि बाहेर येऊन त्यानं थोरल्या पोरीला, अंकिताला, फोन लावला.

"आबा, शिंगं बघू नका. पिंग कमी पाहिजे," ती म्हणाली.

"कमी?"

"व्हय. जितकं कमी तितकं चांगलं."

जन्मभर भैरूनं सगळं जास्त मागितलं होतं. ऊस जास्त, दूध जास्त, पाऊस जास्त. कमी असलेलं चांगलं, अशी वस्तू दुकानात कशी मागायची हे त्याला कळेना. तो रिकाम्या हातानं घरी आला.

तसा राउटर त्याच्या घरात होताच, पण तो आता टेकीला आला होता. अंकिता आणि धाकटी स्वप्नाली मोबाइलवर एक गेम खेळायच्या. चौघांची टोळी करून दुसऱ्या टोळीशी लढायचं, असा तो खेळ. तिसरी त्यांची मैत्रीण, निमोण्याची सीमा, ती भैरूच्याच घरी येऊन खेळायची. चौथा कुणी सोन्या. तो आपल्या घरून खेळतो एवढंच पोरींनी सांगितलं होतं. रोज संध्याकाळी तिघी ओरडायच्या, "सोन्या, मागनं ये! सोन्या, थांब!" आणि भैरूचे कान दरवेळी उगाच टवकारायचे. पूर्वी घरी मेंढरं होती तेव्हा कळपापुढं चालायचा त्या एडक्याचं नाव सोन्या होतं. पण सोन्या काय, घरोघरी असतात.

खेळाचं त्याला काही वावडं नव्हतं. पोरी मोठ्या स्पर्धेच्या उंबऱ्यावर येऊन पोचल्या होत्या, आणि येत्या रविवारी दुपारी दोन वाजता निवडीची लढत होती. गेल्या महिन्यात ऐन लढतीत नेट लटकलं आणि टोळी हरली. त्या दिवशी अंकितानं ताट बाजूला सारून सांगितलं, "आता एकदा जरी लटकलं, तर मी मामाकडं जाणार. कॉलेजबी दौंडातनंच करीन."

मारुतमामांच्या दौंडच्या घरी नेट कसं पळतं, ते ती वर्षभर ऐकवत होती. पोरगी बोलली की करून दाखवायची. आधीच घरात माणसं कमी झाली होती. हीही गेली तर काय उरलं, या विचारानं भैरूला रात्री झोप लागत नव्हती.

माणसं कमी झाली होती ती त्याच्याच करणीनं. अंगणाच्या मधोमध छातीएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडं धाकटा भाऊ बिरदेव राहायचा. दोघांनी मिळून एकशे वीस मेंढरं राखली होती. रोज दिवस मावळता भैरू वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभा राहून एकेक मेंढरू आत घेत मोजायचा, आणि बिरदेव मागच्या टोकाकडून विचारायचा, "गणती भरली का?" भैरू म्हणायचा, "भरली." मगच दोघं भाकरीला बसायचे. दोन वर्षांपूर्वी बिरदेवचा पाय मोडला आणि तो दवाखान्यात पडला. त्या पंधरा दिवसांत भैरूनं सगळी मेंढरं विकून टाकली. आता कोण हिंडणार, ऊस आहे, म्हशी आहेत, असा त्याचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता, पण भावाला विचारलं नाही. बिरदेव काठी टेकत घरी आला आणि त्यानं रिकामं अंगण बघितलं. आठ दिवसांत भिंत उभी राहिली. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद.

शनिवारी भैरू मोटारसायकलवरून दौंडला गेला. स्टेशनजवळच्या दुकानात तेजश्री नावाची बाई बसली होती. तिनं एकही डबा दाखवला नाही. आधी पाणी दिलं आणि विचारलं, "आबा, घरात खेळणारे किती?"

"तिघी. चौथा त्याच्या घरनं खेळतोय."

"मग पिंगचं आधी बघू. मोटार सुरू केल्यापासून पाणी वावराच्या शेंड्याला पोचायला जो वेळ लागतो ना, तसं पिंग. गेमला पाणी थोडंच लागतं, पण लागतं त्या क्षणाला लागतं."

दोन दिवसांत पहिल्यांदा भैरूला काहीतरी समजलं. तो सावरून बसला. "मग आमचं पानी शेंड्याला का पोचंना?"

"पाण्याची चारी वाटेत कोण कोण फोडतंय ते बघू या," ती म्हणाली आणि तिनं त्याचा मोबाइल मागितला. राउटरचं ॲप स्वप्नालीनं कधीतरी त्यात घालून दिलं होतं. भैरूनं ते आजवर उघडलं नव्हतं. तेजश्रीनं उघडलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. "आबा, तुमच्या राउटरवर सतरा जण आहेत."

"सतरा? घरात मानसं चार!"

मग दोघं ती यादी घेऊन बसले, आणि इथं मात्र भैरूची नजर बरोबर चालली. हा टीव्ही. हा गोठ्यातला कॅमेरा. ही गीताबाई, म्हणजे त्याची बायको. हा सर्जेराव, समोरचा. ही सर्जेरावची सून, ती रोज माहेरी व्हिडिओवर बोलते. हे दूध डेअरीचं मशीन. हे चौघं ऊसतोडीच्या टोळीतले, खोपीवरून घरी फोन लावतात.

"आणि या सगळ्यांना पासवर्ड कुणी दिला?"

"म्याच," भैरू म्हणाला. "मागाय आलं की देतो. वाटंनं चाललेला कळप पान्याला आला तर आमच्यात हाकलत न्हाईत. रीतच हाय ती."

अंकितानं त्याला दहा वेळा सांगितलं होतं, आबा, पासवर्ड गावाला वाटू नका. त्यानं दहाही वेळा हात झटकला होता. दोन-चार माणसं वापरतात, त्यानं काय विहीर आटते? तेजश्रीला हसावं की रागवावं कळेना. तिनं यादी खाली सरकवली. "हे शेवटचं कोण? बिरू. सात ते नऊ, रोज. यातल्या बाहेरच्यांत सगळ्यात जास्त वापर याचाच."

भैरूनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. बिरू असं त्या माणसाला घरच्यांशिवाय कुणी म्हणत नव्हतं. बिरदेवनं फोन घेतला तेव्हा ते नाव भैरूनंच हौसेनं त्यात घालून घेतलं होतं. आणि याला पासवर्ड त्यानं दिलेला नव्हता.

"शेजारचं हाय," तो म्हणाला. त्याच्या अंगाची लाही लाही झाली होती. दोन वर्षं तोंडातून शब्द नाही, गीताबाईनं दिलेली पुरणपोळी परत पाठवली, आणि नेट मात्र माझं ओढतो! मागता येत नव्हतं? दिलं असतं की. का नसतं दिलं? आपण दिलं असतं का, हेच त्याला नीट सांगता येईना, आणि त्यानं तो आणखीनच चिडला.

तेजश्रीनं चार शिंगांचा एक साधा डबा काढला. आठ शिंगांची तुम्हाला गरज नाही, म्हणाली. याच्यात पाहुण्यांना वेगळी चारी देता येते, गेमवाल्यांना पाणी आधी सोडता येतं. आणि याला फाटक आहे. पासवर्ड कुणाकडंही असो, नवा फोन आला की तुमच्या मोबाइलवर विचारणार. तुम्ही बोट लावलं तरच आत.

"फाटकावर मी?"

"तुम्हीच."

भैरूला ते फार आवडलं. तो डबा पोटाशी धरून न्हावऱ्याला आला.

रविवारी सकाळी लाइनवाला आला आणि त्यानं राउटर बसवला. गीताबाईनं बिरोबाचं नाव घेऊन त्यावर भंडारा उधळायला चिमूट उचलली, तेव्हा लाइनवाला "मावशी, भोकं आहेत, भोकं!" असं ओरडत आडवा आला. शेवटी भंडारा खोक्याला लावला. भैरू मोबाइल घेऊन ओसरीवर बसला आणि एकेकाला आत घेऊ लागला. अंकिता, ये. स्वप्नाली, ये. सीमा, ये. सर्जेराव, सून, डेअरी, तोडकरी, सगळे पाहुण्यांच्या चारीला. कितीतरी दिवसांनी त्याला आपण कशातले तरी जाणकार आहोत असं वाटलं.

दीड वाजता मोबाइल थरथरला. *नवीन डिव्हाइस: बिरू. परवानगी द्या? नाकारा?*

भैरूनं चष्मा नीट केला आणि 'नाकारा'वर बोट दाबलं. जरा जोरातच दाबलं. मिनिटभरात पुन्हा बिरू. पुन्हा नाकारा. पाच वेळा आला, पाच वेळा त्यानं परतवला. मग मोबाइल गप्प झाला. बरं वाटायला हवं होतं. ते का वाटत नाही, हे काही त्याच्या ध्यानात येईना.

खोलीतून पोरींचे आवाज यायला लागले. "सोन्या कुठाय गं?" "अगं, दिसंनाच." "दहा मिनिटं राहिली!" मग अंकिता धावत बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"आबा, सोन्या येत न्हाई. तिघींना खेळू देत न्हाईत, टोळी बाद करत्यात."

"आता त्याच्या घरचं नेट बंद, त्याला मी काय करू?"

अंकितानं ओठ चावला आणि तिला रडूच फुटलं. "आबा, त्याच्या घरचं नेट म्हंजी आपलंच हाय. सोन्या म्हंजी शंभू."

शंभू हा बिरदेवचा मुलगा. भैरूनं एकदा पोरीकडं बघितलं, एकदा भिंतीकडं. "मग बिरूचा फोन कसा?"

"शंभूचा फुटला. बिरूनानांनी सोताचा दिला त्याला. पासवर्ड मी दिला, आबा. नाना रोज सातला त्याच्या शेजारी बसत्यात. खेळ त्यांना कळत न्हाई. आमी तिघी बोलतो ना, ते त्यांना त्या फोनमधनं ऐकू येतं. एकदा मला ताप हुता, मी बोलले न्हाई, तर शंभूला म्हनाले, अंकीचा आवाज का येत न्हाई?"

भैरूनं घाईनं मोबाइल उघडला, परवानगी कुठं दिसते का ते शोधू लागला. यादी वर केली, खाली केली. सगळे होते, बिरू नव्हता. तो विचारायचाच थांबला होता. पलीकडून कुणी पुन्हा विचारल्याशिवाय इकडून फाटक उघडता येत नव्हतं.

दोनला सात मिनिटं होती. भैरू ओसरीवरून उतरला. दोन वर्षांत त्या भिंतीजवळ तो गेला नव्हता. जाऊन त्यानं दोन्ही हात तिच्यावर ठेवले. पलीकडं बाजेवर शंभू मान खाली घालून बसला होता आणि शेजारी बिरदेव, काठी मांडीवर आडवी धरून. भैरूला बघून तो उठला. मोडका पाय जरा लांबवूनच उभा राहिला.

"शंभूला म्हनावं, पुन्यांदा विचार," भैरू म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "म्या नको म्हनलो. चुकलं माझं."

बिरदेवनं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"बिरू, तवाबी चुकलं. तुला इचाराय पायजे हुतं. मेंढरं दोघांची हुती."

शंभूनं बापाकडं बघितलं. बिरदेव भिंतीपलीकडच्या रिकाम्या अंगणाकडं बघत होता. मग त्यानं नुसती मान हलवली, आणि शंभूची बोटं फोनवर पळाली. भैरूच्या हातातला मोबाइल थरथरला. *नवीन डिव्हाइस: बिरू.* त्यानं परवानगी दिली, आणि चुकून दुसरंच काही दाबलं नाही ना, म्हणून पुन्हा एकदा वाचून बघितलं.

घरातून तिघींची आरोळी आली. "सोन्या आला!"

तीच आरोळी पलीकडं शंभूच्या हातातल्या फोनमधूनही आली, जरा मागून. बिरदेव काठी टेकत भिंतीपाशी आला. दोघा भावांच्या मध्ये छातीएवढ्या विटा होत्या आणि दोघांनाही दुसरीकडं बघायला जागा नव्हती.

"दादा," बिरदेव म्हणाला, "गणती भरली का?"

भैरूनं मोबाइलकडं बघितलं नाही. आत तिघी, भिंतीपलीकडं एक. त्यानं मनातल्या मनात पुन्हा एकदा मोजलं.

"भरली," तो म्हणाला.