टचिंगवाली

आमच्या इतिहास संग्रहालयात दोन खोल्या आहेत आणि एक जिना. जिन्याखाली मी बसते. कर्मचारी मी एकटीच, त्यामुळे तिकीट फाडणारी, काचा पुसणारी, माहिती सांगणारी आणि संग्रहप्रमुख सगळं मीच. गावात मला म्युझियमबाई म्हणतात. गेल्या वर्षी एका अख्ख्या महिन्यात अकरा माणसं आली. त्यातल्या चौघांना पत्ता विचारायचा होता.

हा आकडा समितीच्या बैठकीत वाचून दाखवला तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अध्यक्ष म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. त्यांनी दवाखान्यातली जुनी खुर्ची संग्रहालयाला दिली आहे. ‘बसू नये’ अशी पाटी असूनही लोक तिच्यात बसतात आणि बसल्यावर तोंड उघडतात.

"लोक यायला हवे असतील तर त्यांना त्यांचंच काहीतरी दाखवा," डॉक्टर म्हणाले.

मी सांगितलं की बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्हची चार खोकी माझ्या टेबलाखाली पडून आहेत. कुणाचे फोटो आहेत ते कुठेच लिहिलेलं नाही आणि मला पाय ठेवायला जागा नाही. दोन्ही अडचणी एकदम सुटतील म्हणून ठराव मंजूर झाला.

असा सुरू झाला ‘ओळखीचा मंगळवार’. दर मंगळवारी चार वाजता मी वीस फोटो मोठे करून भिंतीवर लावायची. लोकांनी यायचं, बघायचं, ओळखीचं कुणी दिसलं तर सांगायचं. चहा आणि बिस्किटं समितीतर्फे. पहिल्या मंगळवारी नऊ जण आले. तिसऱ्या मंगळवारी शेजारच्या वाचनालयातून खुर्च्या मागवाव्या लागल्या. लोकांनी आत्या ओळखल्या, साडू ओळखले, पळून गेलेला एक मेहुणा ओळखला. एका सद्गृहस्थांनी उशीवर पालथं पडलेलं उघडं बाळ म्हणजे आपणच असल्याचं सांगितलं आणि तो फोटो ताबडतोब काढायला लावला.

पाचव्या मंगळवारी सायकलवाली भिंतीवर आली.

फोटो साठेक वर्षांपूर्वीचा. चोविशीतली एक बाई सायकलचं हँडल धरून उभी आहे. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मागे रंगवलेला पडदा, आणि नजर अशी की बघणाऱ्यानेच खाली बघावं.

"ही माझी आजी," बेकरीवाले उठून म्हणाले. "हीच हनुवटी. आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर लावलीये."

"माझी हरकत आहे," मागून आवाज आला. हे वकील. ते घरीही असंच बोलतात, असं त्यांची बायको सांगते. "ही माझी मोठी आत्या. भुवया पाहा."

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या मोठ्या बाई उठल्या. मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या उठल्या की अर्ध्या गावाला अजूनही उभं राहावंसं वाटतं.

"ही माझी आई आहे," त्या म्हणाल्या. "माझी आई अशीच होती. कुणाच्या बापाला भ्यायची नाही." आणि खाली बसल्या.

मी तिघांनाही पुरावा आणायला सांगितलं. तीच माझी चूक झाली. पुढच्या मंगळवारी तिघंही आपापल्या भिंतीवरची तसबीर घेऊन आले. तिन्ही तसबिरी सायकलवालीखाली टेबलावर ओळीने ठेवल्या आणि सगळे उठून टेबलाभोवती जमले. तिघींची हनुवटी तीच होती. भुवया त्याच, आणि गालही तसेच गुळगुळीत. डॉक्टरांनी भिंग घेऊन चौघींना बराच वेळ तपासलं.

"दातांवरून नक्की सांगितलं असतं," ते म्हणाले, "पण एकही हसत नाहीये."

"या तिघी बहिणी असतील," कुणीतरी सुचवलं.

"माझी आजी एकुलती एक होती," बेकरीवाले म्हणाले. "तिला बहिणी होत्या म्हणणं म्हणजे आमच्या पणजोबांवर आळ घेणं आहे."

तिथून प्रकरण हाताबाहेर गेलं. वकिलांच्या घरी दुसऱ्या बेकरीचा पाव येऊ लागला. बेकरीवाल्यांनी सायकलवालीचा फोटो मोठा करून दुकानात लावला, खाली ‘संस्थापक’ असं लिहून. वकिलांनी संग्रहालयाला नोटीस पाठवली. ती नव्या वर्षातली पहिलीच आवक असल्यामुळे मी तिची संग्रहात नोंद केली. पुढे त्यांनी ती मागे घेतो म्हटलं, तेव्हा त्यासाठी समितीचा ठराव लागेल, असं मला सांगावं लागलं. मोठ्या बाई मात्र भांडल्या नाहीत. त्या रोज सकाळी येऊन सायकलवालीसमोर दहा मिनिटं उभ्या राहायच्या आणि निघून जायच्या.

शेवटी गावच्या साप्ताहिकाने तो फोटो पहिल्या पानावर छापला. वर मथळा: ‘ही कोणाची?’

त्याच्या पुढच्या मंगळवारी उभं राहायलाही जागा नव्हती. सव्वाचारला एक बाई एका म्हाताऱ्या आजींना हाताला धरून आत घेऊन आली. आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या, वाळलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या. लोकांनी वाट करून दिली. आजी फोटोजवळ गेल्या, नाक काचेला लागेल इतक्या वाकल्या.

"मावशी, तुम्हीच ना?" बरोबरच्या बाईने विचारलं. ती त्यांची भाचेसून होती.

"मीच," आजी म्हणाल्या. "स्टुडिओत दिवे नवीन आले होते, ते तपासायला मालकांनी मला उभं केलं होतं. सायकलची ब्रेकची तार तुटलेली होती."

बेकरीवाल्यांनी घसा खाकरला. "आजी, तुम्हाला मुलंबाळं?"

"नाहीत. लग्नच नाही केलं."

"नक्की?"

"आठवलं असतं मला," आजी म्हणाल्या.

मी त्यांना खुर्ची दिली. घाईत नेमकी दातांच्या डॉक्टरांचीच दिली गेली. पण त्या तोंड मिटून बसल्या आणि त्यांची नजर टेबलावर पुराव्यासाठी ठेवलेल्या तसबिरींवर गेली. त्यांनी तिन्ही एकेक करून डोळ्यांजवळ धरल्या.

"ही टचिंग माझीच," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. स्टुडिओत त्या अकरा वर्षं टचिंग करायच्या. खिडकीशी तिरकं टेबल, त्यावर निगेटिव्ह, हातात टोक काढलेली कडक पेन्सिल आणि एक बारीक पातं. पेन्सिलीने सुरकुत्या, डाग, व्रण भरून काढायचे. पात्याने हनुवटी नीट करायची, भुवयांना वळण द्यायचं. गिऱ्हाइकाला स्वतःचा चेहरा नको असतो, बरा चेहरा हवा असतो, असं मालक म्हणायचे.

"पण बरा म्हणजे कसा, ते कुणी सांगितलं नव्हतं," आजी म्हणाल्या. "टेबलावर एक आरसा होता. अडलं की त्यात बघायचे."

गावातल्या कितीतरी घरांत भिंतीवर याच आजी लटकत होत्या, हे लोकांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. दोघं-तिघं लगेच घरची तसबीर आणायला गेले.

बेकरीवाल्यांचा आवाज बारीक झाला. "मग माझी आजी दिसायची कशी?"

आजींनी तसबीर पुन्हा डोळ्यांशी नेली. "देवीचे व्रण होते. उजव्या गालावर जास्त. तीन दिवस लागले मला. आणि हनुवटी दुहेरी. हसली की तिहेरी व्हायची. फोटो काढताना सारखी हसत होती, मालक वैतागले होते."

बेकरीवाल्यांना स्वतःला दुहेरी हनुवटी आहे. त्यांनी ती हाताने चाचपली आणि चाचपतच बसले. डोळे भरले होते, पण कुणी तिकडे पाहिलं नाही.

वकिलांच्या आत्याच्या ओठावर मोठा तीळ होता आणि एक डोळा तिरळा. "तिरळा हा शब्द नोंदवू नये," वकील म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "कुठला डोळा?"

मोठ्या बाईंची पाळी आली. आजींनी तसबीर उचलली, पाहिली आणि पटकन खाली ठेवली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "थोड्या सुरकुत्या. बाकी काही काढलं नव्हतं मी."

मोठ्या बाई जागेवरून हलल्या नाहीत. "तेव्हा मी सहा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "स्टुडिओत मी आईचा हात धरून उभी होते. आजी, तुम्ही नीट आठवा."

"इतक्या वर्षांनी काय बाई आठवणार."

"त्यांचे तीन दिवस आठवले तुम्हाला."

आजींनी भाचेसुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडून मदत होण्यासारखी नव्हती.

"आमच्या घरात सगळे म्हणतात, असं काही नव्हतंच," मोठ्या बाई म्हणाल्या. वर्गात शुद्धलेखन घालावं तशा सुट्या सुट्या शब्दांत बोलत होत्या. "माझे वडील देवमाणूस होते म्हणतात. भाऊ म्हणतो, तुला भास होतात. साठ वर्षं झाली. मला फक्त एवढंच सांगा. डोळ्याखाली होतं का?"

आजींनी तसबीर पुन्हा हातात घेतली. अंगठा काचेवरून एकदा फिरवला.

"डाव्या," त्या म्हणाल्या. "डोळ्यापासून पार गालाच्या हाडापर्यंत. काळंनिळं. आणि गळ्यावर बोटं. चार. ती मी दुसऱ्या दिवशी काढली. आदल्या दिवशी हातच चालेना."



"गळ्याचं मला माहीत नव्हतं," मोठ्या बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "हे लिहून हवंय."

मी संग्रहालयाच्या कागदावर लिहून काढलं. आजींनी रेषा न मोडता सही केली. मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला, माझी एक वेलांटी दुरुस्त केली, आणि तिथेच उभ्या राहून भावाला फोन लावला. कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. पलीकडून काहीतरी बोलणं चालू होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"नाही दादा," त्या म्हणाल्या. "मी विचारत नाहीये. सांगतेय."

फोन पर्समध्ये टाकून त्या आजींशेजारी येऊन बसल्या. आजींनी आपल्या बशीतलं बिस्किट त्यांच्यापुढे केलं. मोठ्या बाईंनी ते घेतलं आणि खाल्लं.

मग घरी जाऊन आलेल्यांतला एक जण पुढे आला. त्याने वडिलांची तसबीर टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. आजींनी चष्मा पदराने पुसला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "यांचे कान."