मैदानात बसलेल्या पोरी

मी एक जुना खो-खोचा खांब आहे आणि मला संताप आलेला आहे. मित्रांनो, का ते ऐका.

सेनगावजवळच्या एका गावात, शाळेच्या मैदानावर, विश्वंभर सुतारानं मला रोवलं. पोरींच्या हाताला सल लागू नये म्हणून त्यानं माझ्यावर किती वेळ रंधा मारला! समोरच्या टोकाला माझा जोडीदार उभा होता. सातवीतली प्रतिक्षा पळत यायची, मला एका हातानं धरून गर्रकन वळायची. घरी तिच्यामागे पाणी, भांडी, कडेवर धाकटं लेकरू. खेळाचा तास तेवढा तिचा स्वतःचा.

आधी तो तास गणितानं घेतला. मग सुगीत मैदानावर सोयाबीन वाळू लागलं आणि पोरांनाच हाकललं. शेवटी शाळा समितीचे अध्यक्ष किसनराव म्हणाले, "रस्त्याकडून दुकानाचे गाळे काढू. पोरींनी पळून काय करायचंय? पुढं चूलच हाय."

एके दिवशी भरल्या शाळेत जेसीबी आला. त्यानं माझ्या जोडीदाराला उपटलं. तो मधोमध मोडला.

प्रतिक्षा वर्गातून उठली ती थेट मैदानात येऊन बसली. मागोमाग शितल, आकांक्षा आणि बाकीच्या पोरी आल्या. एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, खो-खोत बसतात तशा.

"काहून बसल्या गं? उठा!" किसनराव ओरडले.

"आमचं ग्राउंड हाय. आमी न्हाई उठत," प्रतिक्षा म्हणाली.

तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गोजरबाई पदराला हात पुसत आल्या आणि रांगेच्या टोकाला बसल्या. कुठं तोंड करायचं ते त्यांना कळेना. शितलनं खांद्याला धरून त्यांना वळवलं.

"तुमी कशाला, गोजरबाई?"

"मला ल्हानपणी कुणी खेळू दिलं न्हाई, किसनराव. आता बसू तरी द्या."

ड्रायव्हरनं मशीन बंद केलं.

त्या संध्याकाळी प्रतिक्षाला घरी मार बसला. ग्रामसभेत भांडणं झाली. रस्त्याकडचं अर्धं मैदान गाळ्यांनी गिळलं, अर्धं वाचलं. पोरींनी मला उपटून तिथं रोवलं, समोर एक गंजका पाईप ठोकला. आता जोरात पळालं की पोरी गाळ्याच्या भिंतीवर आदळतात. तरी त्या पळतात. प्रतिक्षाही येते.

मित्रांनो, खेळायला जागा मागताना हात जोडू नका. ती तुमचीच आहे. आणि मोठ्यांनो, गाळे तुम्ही पुढच्या वर्षीही बांधू शकला असता. प्रतिक्षाचं तेरावं वर्ष मात्र एकदाच आलं होतं, आणि ते तुम्ही भिंतीला टेकवलंत.