आतून लख्ख

मी हंडा बोलतोय. जरा घाईनं बोलतोय, कारण माझ्यावरचं झाकण निघायला आता फार वेळ उरलेला नाही.

तांब्याचा आहे मी. रुंद तोंडाचा, पोटानं ऐसपैस, दोन बाजूंना दोन कड्या. स्वयंपाकघरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात मला ठेवलंय नि अंगाभोवती ओलं फडकं गुंडाळलंय. पोटात कालपासून लिंबाचा रस आहे, आलुबुखार आहेत, अननसाच्या फोडी, साखर, पुदिन्याच्या जुड्या नि गवती चहाची पाती आहेत. बाहेर अंगणात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येताहेत. पाहुणे जमताहेत. काय उकडतंय, म्हणताहेत.

आणि मी आत मुरवतोय. काय मुरवतोय ते मला ठाऊक आहे. या घरात आणखी एकीला ठाऊक होतं. ती आज इथे नाही.

माझा जन्म ठोक्यांतला. तांबटानं एका सपाट पत्र्याला ठोकून ठोकून मला पोट दिलं. त्याच्या दुकानात दिवसभर इतका ठणठणाट असायचा की गिऱ्हाईक नि तो एकमेकांशी खुणांनीच बोलायचे. मी तयार झाल्यावर त्यानं माझ्या पोटात नवसागराची चिमूट टाकली, कथलाची कांडी फिरवली नि तापल्या अंगावर कापसाचा बोळा सपसप ओढला. आतून मी चांदीसारखा पांढरा झालो. ही माझी कल्हई. बाहेरून तांबडा, आतून पांढरा. माझं खरं रूप ते.

मला घरी आणलं ते या घरातल्या आजीनं. ती आता नाही. उन्हाळ्यात शेजारपाजारचे लोक, नातेवाईक, अंगणात सावली धरून बसायचे नि आजी माझ्यातून सरबत द्यायची. दर उन्हाळ्याआधी गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता लावायचा नि मला पुन्हा पांढरा करायचा. पुढे स्टीलची भांडी आली, प्लास्टिक आलं, आणि तो यायचा बंद झाला. कुणी त्याची चौकशीही केली नाही. माणसं अशीच. दरवर्षी दिसणारं माणूस दिसेनासं झालं, तर त्यांना आधी बरं वाटतं, गल्ली शांत झाली म्हणून.

आजीनंतर सरबत तिच्या मुलीकडे आलं. घरातली पोरं तिला आत्या म्हणतात. आत्या या घरात भावाच्या संसारात राहिली. वर्षभर तिला कुणी काही विचारत नाही. भाजी कुठली करायची, हेसुद्धा नाही. पण उन्हाळ्यातला हा एक दिवस तिचा. या दिवशी अख्खी गल्ली तिला हाका मारते. म्हणून ती माझ्यावर जीव टाकते, हे मी नाकारत नाही.

जीव टाकते म्हणजे घासते. विटेची भुकटी, राख, लिंबाची साल, काथ्या. बाहेरून घासते ते ठीक. पण तिला माझ्या आतला करडा पांढरेपणा मळकट वाटला. "काय हा काळवंडलेला पत्रा!" म्हणत ती बाह्या सरसावून माझ्यात खांद्यापर्यंत उतरली नि घासत राहिली. वर्षागणिक पांढरं विरत गेलं. शेवटी एकदा खालून तांबडं चमकलं, तेव्हा तिनं सगळ्या घराला हाक मारली. "या, बघा! आतून कसा लख्ख निघालाय!"

सगळे माझ्यात वाकून बघून गेले. सगळे वा वा म्हणाले. माझं कातडं सोललं होतं नि घर टाळ्या वाजवत होतं.

त्या उन्हाळ्यात सरबताला वेगळीच चव आली. किंचित तुरट, जिभेच्या टोकाला झिणझिणी आणणारी. पाहुणे चाटच पडले. "आत्या, यंदा काय घातलंत?" आत्या गालात हसली. "घातलं काही नाही. मुरवलं. सरबत नुसतं ढवळलं की होत नाही बाबांनो, मुरावं लागतं." पुढच्या वर्षी तिनं ते आदल्या सकाळपासूनच मुरत टाकलं.

आंबट रस नि उघडं तांबं रात्रभर एकत्र राहिले की काय होतं, ते तुम्ही शाळेत शिकला असाल. तांबं रसात उतरतं. माझंच अंग विरघळतं नि पेल्यापेल्यानं लोकांच्या पोटात जातं. मला थांबवता येत नाही. भांड्याला तोंड असतं, पण ते मिटता येत नाही.

त्या पहिल्या वर्षी संध्याकाळी दोघा-तिघांना उलट्या झाल्या. पुढच्या वर्षी आणखी जणांना. पोटात मुरडा, तोंडाला धातूची चव, घशाशी मळमळ. सगळ्यांनी एकच निदान केलं. "ऊन बाधलं." उन्हाळा आहे, ऊन आहे, मग बाधणारच. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. उन्हाला बिचाऱ्याला कुणी विचारलं नाही.

मग छकुलीचं झालं. छकुली म्हणजे घरातल्या थोरल्या मुलीची पोर. सुट्टीला आजोळी येते. या घरात पहिला पेला सगळ्यात लहान माणसाला मिळतो. छकुलीनं पहिला घेतला, गोड लागला म्हणून दुसराही मागून घेतला. रात्र व्हायच्या आत तिला अंथरुणावरून उठवेना. ओकून ओकून डोळे आत गेले. दवाखान्यात सलाइन लावावं लागलं. घरी आणल्यावर आत्यानंच तिचे पाय चेपले नि रडत म्हणाली, "उन्हात हुंदडू नकोस म्हणून किती सांगितलं होतं!"

घरात एकाच माणसाला हे पटत नव्हतं. धाकटी. थोरलीची बहीण, कॉलेजात शिकणारी, आत्याच्या भाषेत 'फटकळ भवानी'. दुसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी आली, मोबाइलचा दिवा लावला नि माझ्या आत बघितलं. काठाशी, रस जिथवर होता तिथे, हिरवट वलय धरलं होतं. तिनं ते नखानं खरवडलं. मग तशीच तरातरा बाहेर गेली.

"आत्या, याची कल्हई गेलीये. हे आतलं तांबं आहे. त्यात आंबट मुरवलं की विष होतं."

"विष?" आत्यानं हातातली भाजी खाली ठेवली. "माझ्या आईचा हंडा आहे हा."

"हंडा आजीचाच आहे. पण आजी कल्हई करून घ्यायची."

"ऊन बाधलंय पोरीला."

"बरं. मग मला सांग, पत्तेवाला काका दुपारभर भर उन्हात बसून पत्ते पिसत होता. त्याला पित्त होतं म्हणून तो सरबत पीत नाही. त्याला ऊन कसं नाही बाधलं?"

"त्याची कातडी गेंड्याची आहे," आत्या म्हणाली, आणि घरातले सगळे हसले. धाकटी सोडून.

हसून विषय संपवायची या घराला सवय आहे. धाकटीचे बाबा, म्हणजे आत्याचे भाऊ, म्हणाले, "ती एवढी मरमर करते एक दिवस. तिचं मन मोडू नकोस." थोरली म्हणाली, "जाऊ दे ना, वाद कशाला? पुढच्या वेळी छकुलीला अर्धाच पेला देऊ." धाकटीनं शहराच्या दुसऱ्या टोकाला एक कल्हईवाला शोधून काढला, रिक्षा दारात आणून उभी केली. आत्या माझ्या कडीला धरून बसली. "पांढरं फासून आणशील नि माझी चव घालवशील. कोण येईल मग माझ्या सरबताला?"

मी या घरातला सगळ्यात जुना. पण जुनं म्हणजे शहाणं, असं मला कुणी सांगू नये. मी नवा होतो तेव्हा निर्धोक होतो. जुना झालो नि विषारी झालो, तेव्हापासून माझा मान वाढलाय.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा हाच दिवस आला. पाहुणे पेले घेऊन माझ्याभोवती उभे होते. सगळ्यात पुढे छकुली, दोन्ही हातांत स्टीलचा पेला धरून. आत्यानं लांब दांड्याचं ओगराळं उचललं.

"आत्या, शेवटचं सांगते. नको देऊस," धाकटी म्हणाली.

"चार बुकं शिकलीस म्हणून पाहुण्यांसमोर माझी शोभा करतेस?"

"बाबा, तुम्ही तरी बोला."

बाबा आकाशाकडे बघायला लागले. जणू ढग येणार होते.

धाकटी आत गेली. आत्यानं ओगराळं बुडवलं. तेवढ्यात धाकटी परत आली, तिच्या हातात धुण्याच्या पावडरचा डबा होता. कुणाला काही कळायच्या आत तिनं तो अख्खा माझ्यात उपडा केला, ओगराळं हिसकावलं नि घुसळलं. भसाभसा फेस वर आला. पुदिन्याची पानं फेसावर तरंगून माझ्या काठावरून खाली घसरली.

मग पत्तेवाला काका म्हणाला, "चला, यंदा पोटं आतून स्वच्छ!" आणि दोघं-तिघं हसले. आत्या हसली नाही. ओरडलीही नाही. तिनं पदराच्या टोकानं माझा काठ पुसला, पुसतच राहिली. छकुली रिकामा पेला घेऊन रडत होती. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा सुटकेचा श्वास टाकला. त्यालाही साबणाचा वास होता.

त्या वर्षी कुणालाच काही झालं नाही. एकही उलटी नाही, एकही मुरडा नाही. धाकटी आशेनं म्हणाली, "बघा! यंदा एकालाही ऊन बाधलं नाही."

"यंदा ऊनच कमी होतं," आत्या म्हणाली.

त्यानंतर धाकटीनं वाद घालणंच सोडलं. पुढे तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. जायच्या दिवशी ती एक मोठा खिळा घेऊन माझ्यापाशी बसली. कडीच्या खाली, जिथे माझा पत्रा जाड आहे, तिथे तिनं दात-ओठ खात अक्षरं कोरली. खोल, पुसली न जाणारी. "आत बघा." एवढंच. आत्याला ती दिसली तेव्हा तिनं घासून बघितलं, निघाली नाहीत. मग तिनं माझी ती बाजू भिंतीकडे फिरवली.

काल लिंबं पिळताना थोरलीचा फोन वाजला. तिचे हात चिकट होते, म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला.

"ताई, कल्हई केली का गं?"

"अगं, वेळच झाला नाही."

"मग छकुलीला त्यातलं अजिबात देऊ नकोस. शपथ घे माझी."

"हो गं हो. किती घाबरवशील!" थोरली म्हणाली. आणि दुसऱ्या हातानं उरलेला रस माझ्यात ओतला.

म्हणून मी तुमच्याशी बोलतोय. तुमच्याही घरात असा एखादा हंडा असेल. बाहेरून चमकणारा, थोरामोठ्यांचा लाडका. त्याच्या वयाला नमस्कार करा, हरकत नाही. पण आत बघा. तांबडं दिसलं तर कल्हई करून घ्या. तेही जमत नसेल तर मला मोडीत घाला, वितळवा, माझ्या तारा काढा. मी तक्रार करणार नाही. आणि कुणी पोरगी उठून म्हणाली, की यात काहीतरी चुकतंय, तर तिचा आवाज चढलाय का, हे नंतर ठरवा.

थांबा. माझ्या नि भिंतीच्या मधल्या फटीत कुणीतरी शिरलंय. छकुली. पाहुण्यांच्या पोरांशी लपंडाव चाललाय वाटतं. तिचं बोट माझ्या अंगावर फिरतंय. ती यंदा वाचायला शिकलीये.

"आ... त... ब... घा."

ती बाहेर आली. स्टूल ओढलं. झाकण दोन्ही हातांनी कडेला सारलं नि माझ्यात वाकली. बघतेय. नीट बघतेय. आजवर इतकं नीट माझ्यात एकीनंच बघितलं होतं.

दारात आत्या आली. हातात ओगराळं.

"आत्याआजी, हे कडेला हिरवं काय आहे?"

"पुदिना गं राणी. रंग उतरतो त्याचा."

छकुलीनं काठाशी बोट घासलं. "पण निघत नाहीये."

"मुरलाय ना, म्हणून," आत्या लाडानं म्हणाली. "गेल्या वर्षी रडली होतीस ना पहिल्या पेल्यासाठी? घे. यंदा सगळ्यांच्या आधी तुला."

ओगराळं माझ्यात बुडालं, तळाला टेकलं, भरून वर आलं. पेला भरला. छकुलीनं तो दोन्ही हातांनी धरलाय. ती पेल्यात बघते, मग माझ्याकडे बघते. बाहेरून थोरली हसल्याचा आवाज येतोय. तिला इथलं काही दिसत नाहीये.

छकुले, अजून एकदा वाच. मोठ्यांदा वाच.